पक्कें चाक
सायकलीचें फ्रीव्हील काढून मागच्या चाकास पक्कें दांतेरी चक्र बसविलें, कीं चाक फिरे तोंवर पायांसही फिरावें लागतें. लाभलेला विसावा माणसानें आपण होऊन कां टाकावा? कारण श्रम व गति यांचें नातें मग क्षणभरही तुटत नाहीं. वेग आवरण्याचें भान पायांतच जागें राहतें. १९३६ सालीं गांधीजी सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. तेव्हांपासून वर्धा जिल्ह्यास हा विचार परका नाहीं. हात थांबला कीं चरख्यावरचें सूतही थांबतें. परंतु स्वेच्छेचें व्रत दुसऱ्यावर लादलें, कीं त्याचा जुलूम होतो. सायकलीवरून दूध वाहणाऱ्या गवळ्यास उतारावरचा विसावा हा विलास नव्हे. आणि साखळी निसटली तर पायांचा ताबा सुटतो. म्हणून व्रतस्थानेंही पुढचा ब्रेक ठेवावा. रस्त्यानें चालणाऱ्यांनीं आपलें व्रत घेतलेलें नसतें.