धर्मराजाचे उत्तर

पिस्तुलाच्या पाठीवर इवलेसे भिंग बसवून त्यातील तांबड्या ठिपक्याच्या आधारे नेम धरणे हा विषय कारागिराच्या दुकानातला, धर्मचिंतनाशी त्याचे काय नाते, असे कोणी विचारील. परंतु शस्त्र हाती घेतलेल्या मनुष्याने कोठे पाहावे, या पुरातन प्रश्नाचे रूढ उत्तर ज्या साधनाने फिरविले, त्याची दखल नीतिविचारानेही घ्यावयास हवी.

डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी 1900 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. विजेच्या ठिपक्याचे साधन स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आणले. आणि पिस्तुलावर ते सर्रास चढले ते अलीकडे, मुख्यतः अमेरिकेत. दर गोळीगणिक मागेपुढे हिसका खाणाऱ्या वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, खाच कोरून ते बसवावे लागते, म्हणून स्क्रू नेमके आवळावे लागतात, आणि मग गोळी व ठिपका यांचा मेळ जमेपर्यंत नेम जुळवीत राहावे लागते. छोट्या एलईडीचा प्रकाश वक्र काचेवरून परतताना समांतर होतो, त्यामुळे ठिपका काचेवर न दिसता दूर लक्ष्याच्या अंगावर दिसतो. वस्तुतः तेथे तो पडलेलाच नसतो, समोरच्यास दिसतही नाही. (आभासाचा याहून चोख दृष्टान्त वेदान्त्यांना क्वचितच मिळाला असता!)

जुन्या पद्धतीत मागची खाच, नळीच्या टोकावरचा उंचवटा आणि लक्ष्य अशा तीन वस्तू एका रेषेत आणावयाच्या असत. डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. सबब नजर त्या उंचवट्यावर रोखावी व लक्ष्य अंधूक राहू द्यावे, असाच उस्तादांचा दंडक होता. म्हणजे ज्याच्यावर गोळी झाडावयाची, तो मनुष्य नेमक्या निर्णयाच्या क्षणी धूसर आकृती होऊन जाई. ठिपक्याने हा दंडक मोडला. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडेच पाहावयाचे असते. समोरच्याच्या हातात शस्त्र आहे की पाकीट आहे, त्याच्यामागे कोण उभे आहे, हे दिसण्यास साधनाची आडकाठी राहत नाही. शिवाय स्वतःच्या हाताचा कंप, जो पूर्वीही होताच, तो या नाचऱ्या ठिपक्यात उघडा पडतो.

येथे द्रोणाचार्यांची परीक्षा आठवते. वृक्षावर बसविलेल्या कृत्रिम पक्ष्याचे केवळ मस्तक पाहणारा अर्जुन (लोककथेने त्याचा डोळा केला) उत्तीर्ण झाला, आणि वृक्ष, गुरू, बंधू, पक्षी असे सर्व दिसते म्हणणाऱ्या युधिष्ठिराला बाजूस व्हावे लागले. एकाग्रतेचा महिमा म्हणून आपण ही कथा मुलांना सांगतो. परंतु एकाग्रता ही शक्ती आहे, सद्गुण नव्हे. ती योग्यापाशी जशी असते तशी मारेकऱ्यापाशीही असू शकते. तो पक्षी कारागिरांनी घडविलेला होता, त्याला प्राण नव्हता, म्हणून अर्जुनाचे उत्तर तेथे शोभले. जिवंत मनुष्यासमोर शस्त्र उचलणाऱ्याने, माझ्या मते, युधिष्ठिराचेच उत्तर द्यावयास हवे. भीतीने दृष्टी आकुंचित होते व ती कोणतेही भिंग रुंदावू शकत नाही, हे खरे. तथापि नेम धरताना समोरचा मनुष्य दिसलाच नाही, ही कैफियत निदान साधनाच्या माथी मारता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल स्पर्धांत मात्र असल्या ठिपक्यास मनाई आहे, खुली खाच व उंचवटाच चालतो. आणि तेथे ते ठीकच आहे, कारण तेथील लक्ष्य निर्जीव असते.