जाब कुणाला विचारावा?

वैद्याला नारायण मानण्याची आपली जुनी रीत आहे. खुद्द नारायणाला आपण आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने झोपू देतो. या नारायणाला मात्र सलग एका रात्रीची झोपही मिळत नाही.

डॉक्टर हल्ली चिडतात, रोग्याकडे मान वर करून पाहत नाहीत, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. आपल्या भाषेत, माणूस आतून करपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात तिची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपणे, कामावरून मन उडणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटना हिला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ न आवरलेला ताण हे तिचे मूळ मानते. तेव्हा हा प्रश्न एकट्या डॉक्टरच्या मनोबलाचा उरत नाही, तो न्यायाचा होतो.

तासांचेच पाहा. १९९२ सालच्या केंद्रीय योजनेत निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ती ७४ तासांची. बत्तीस वर्षांनी सुधारणा म्हणून मागितलेला आकडा जुन्या मर्यादेच्या दीडपट!

पण नुसत्या तासांनी माणूस करपत नाही. सुगीत शेतकरीही रात्रंदिवस राबतो. करपवते ती जबाबदारी आणि अधिकार यांची फारकत. खाटा किती, औषधे कोणती, परिचारिका किती, हे सरकारी डॉक्टर ठरवत नाही. नातेवाइकांसमोर उभा मात्र तोच असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत नवजात बालकेही होती. मनुष्यबळ आणि औषधे यांच्या तुटवड्याची चर्चा देशभर झाली. ३ ऑक्टोबरला एका खासदारांनी तेथील अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करवून घेतले. आईबापांचा शोक खरा होता, अस्वच्छताही खरी होती. परंतु पदे मंजूर करणे आणि भरणे हे शासनाचे काम. झाडू आला तो अधिष्ठात्यांच्या हाती.

आपल्या बालाघाटात बैहर-बिरसाकडचा रोगी जिल्हा रुग्णालयात येतो आणि प्रकृती गंभीर असली की पुढे गोंदिया वा नागपूर गाठावे लागते. वेळेवर पुढे पाठवणारा डॉक्टर योग्य तेच करीत असतो. तरी ‘इथे काही करतच नाहीत’ हे शब्द त्यालाच ऐकावे लागतात.

कोणी म्हणेल, १९७३ पासून हेमलकशात डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे राहिलेच ना? राहिले. पण तेथे साधने नव्हती तरी निर्णय त्यांचे होते, सोबतीला जिवाभावाची माणसे होती. शिवाय त्याग स्वेच्छेने करावा. नोकरीची अट म्हणून तो दुसऱ्यावर लादला की त्याला वेठबिगारी म्हणतात.

याचा अर्थ डॉक्टरला सगळे माफ, असा नव्हे. गरिबाशी तुसडेपणाने न बोलणे, त्याला आजार समजेल अशा भाषेत सांगणे हे डॉक्टरच्या हाती आहे. त्याचा जाब जरूर विचारावा. ज्याच्या हाती जे, त्याचा जाब त्याला. हा साधा न्याय शाळेला लागू आहे तसा दवाखान्यालाही आहे. एका वर्गात नव्वद मुले कोंबून निकालाचा दोष शिक्षकाच्या माथी मारणारा मुख्याध्यापक न्यायी म्हणवत नाही.

रुग्णालयाच्या कारभारात नागरिकांना स्थान देणारी रोगी कल्याण समिती आपल्याच राज्यातली. १९९० च्या दशकात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात तिचा आरंभ झाला. रिकाम्या पदांचा प्रश्न तिथे मांडता येतो, मत मागायला दारी आलेल्या उमेदवारालाही विचारता येतो. रात्री दोन वाजता एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरवर ओरडणे त्याहून सोपे आहे. सोपे आहे म्हणून ते न्याय्य ठरत नाही.