‘ओळखत नाही’ म्हणण्याची सोय

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या वेब सर्व्हरवरचे तीन लॉगिन हँडलर माझ्या गळ्यात पडले. एक जुन्या पासवर्ड फाइलमध्ये नाव शोधायचा, दुसरा एलडॅप डिरेक्टरीला विचारायचा, तिसरा कुणीतरी घाईघाईत डेटाबेससाठी लिहिलेला. तिन्ही मिळून एकच मॉड्यूल करायचं होतं. तिघांचा कोड एकाखाली एक ठेवला की झालं, दोन दिवसांचं काम, असं मी सांगून बसलो.

हा मोह जुना आहे आणि त्यावरचा इलाजही. युनिक्समध्ये लॉगिन, एफटीपी, एसयू असा प्रत्येक प्रोग्रॅम पासवर्ड आपापला तपासायचा. तपासण्याची पद्धत बदलायची तर सगळेच उघडावे लागत. सन कंपनीच्या विपिन समर आणि रोलंड शेमर्स यांनी ऑक्टोबर 1995 मध्ये ‘पॅम’चा प्रस्ताव मांडला: प्रोग्रॅमने फक्त विचारावं, तपासणारी मॉड्यूलं वेगळी असावीत आणि त्यांची रांग सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावी. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. ‘रिक्वायर्ड’ लिहिलेलं मॉड्यूल नापास झालं, तरी रांगेतल्या पुढच्यांना विचारणं चालूच राहतं. आपण नेमके कुठे अडलो हे बाहेरच्याला कळू नये, म्हणून हा देखावा.

वेब सर्व्हरला हे शहाणपण उशिरा आलं. अपाची या सर्व्हरच्या 2.0 आवृत्तीपर्यंत साध्या फाइलसाठी, डीबीएमसाठी, एलडॅपसाठी स्वतंत्र मॉड्यूल होतं, आणि नकार अंतिम मानायचा की पुढच्याकडे पाठवायचं, हे ठरवणारा खटकाही प्रत्येकाचा निराळा. त्याआधीच्या 1.3 मध्ये तर यादीत शेवटी लिहिलेल्या मॉड्यूलला आधी बोलावलं जायचं! डायजेस्ट पद्धतीचं मॉड्यूल स्वतःचीच फाइल वाचायचं, दुसऱ्या कुणाला विचारण्याची सोयच त्यात नव्हती.

डिसेंबर 2005 मध्ये 2.2 आली, ती सगळ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधून नव्हे. उलट जुनी मॉड्यूलं उसवली गेली. ब्राउझरकडून नाव-पासवर्ड मागून घेणारा वेगळा, ते पडताळणारे वेगळे, आणि आत कुणाला सोडायचं हे ठरवणारे आणखी वेगळे. मग पडताळणाऱ्यांची नावं एकाच ओळीत, डावीकडून उजवीकडे लिहिता आली.

माझ्या मते खरी किमया मात्र उत्तरांत आहे. पडताळणाऱ्याला चार उत्तरं देता येतात: बरोबर, चूक, या नावाचं माझ्याकडे कुणी नाही, आणि माझंच काही बिघडलंय. यातलं तिसरं उत्तर आलं तरच पुढच्याला विचारलं जातं. बाकी कुठलंही आलं की रांग तिथेच थांबते. चौकशीच्या खिडकीवरच्या माणसालाही हा फरक कळला पाहिजे, कारण ‘ते इथे नसतात’ आणि ‘आज रजिस्टर सापडत नाही’ ही एकाच अर्थाची वाक्यं नव्हेत.

माझ्या तीन हँडलरांना ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच ठाऊक होतं. त्यामुळे एलडॅपचा सर्व्हर बंद असला, की त्याच्या ‘नाही’चा अर्थ ‘ओळखत नाही’ असा लागायचा आणि विचारणा निमूट जुन्या फाइलकडे जायची. मीही तेच एकाखाली एक ठेवलं असतं, तर ती चूक फक्त नीटनेटकी झाली असती. तसं ठेवलंही होतं. चाचणीसाठी एलडॅपची केबल काढली, तेव्हा लक्षात आलं.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. एकत्र करण्याचं काम त्यातलं शेवटच्या दुपारचं, आधीचा सगळा वेळ प्रत्येक ‘नाही’चा अर्थ लावण्यात गेला. ती जुनी फाइल उघडली, तेव्हा तिच्यात निवृत्त झालेल्या अकरा जणांची नावं होती, आणि त्यांचे पासवर्ड अजून चालत होते.