पाहुण्याचा भार

ट्रेलरचा फोटो पाहून आई फोनवर म्हणाली, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" हे कौतुक होते की नापसंती, ते मला कळले नाही. फोटोत नवऱ्याची जुनी पिकअप होती आणि तिच्यामागे जोडलेला, शेजाऱ्यांकडून भाड्याने घेतलेला एकोणीस फुटी पांढरा ट्रेलर. आत एक पलंग, दोन शेगड्या, छोटा फ्रीज, कपाटाएवढे न्हाणीघर, पिण्याच्या पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याच्या दोन.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही एक वर्ष अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला राहत होतो. बडोद्याला परतण्याआधी दोन घरी जाऊन यायचे होते. एक माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे, डेन्व्हरजवळ. दुसरे आईच्या बालमैत्रिणीचे, नेब्रास्कातल्या लिंकन गावी. एका बाजूचा प्रवास सुमारे दीड हजार किलोमीटरांचा. ट्रेलर कशाला, असे कोणी विचारले की आम्ही हॉटेलांचे दर सांगत असू. ते खोटे नव्हते, पण खरे कारण वेगळे होते. मला कोणालाही त्रास द्यायचा नव्हता.

या वाक्यामागे एक घर आहे. बडोद्याचे आमचे दोन खोल्यांचे घर स्टेशनपासून जवळ होते, त्यामुळे मुंबई-अहमदाबाद करणारा प्रत्येक नातेवाईक आमच्याकडे उतरत असे. बाबा दारात उभे राहून "या, या" म्हणत आणि आई पिठाचा डबा उघडून आत बघत असे. एकदा आत्याकडची मंडळी अकरा दिवस राहिली. आई तापात उभी राहून पोळ्या लाटत होती. रात्री ती पाय कोमट पाण्यात बुडवून बसायची. पाहुणचाराची कीर्ती बाबांची झाली, सुजलेले पाय आईचे राहिले. मोठी झाल्यावर मी ठरवून टाकले की आपल्यामुळे कोणत्याही बाईला ओट्याशी जास्तीचा अर्धा तास उभे राहावे लागता कामा नये. ट्रेलर म्हणजे माझ्या या तत्त्वाला लागलेली चाके होती.

तौलनिक साहित्यात एम.ए. करताना कांटचा चिरंतन शांततेवरचा १७९५ सालचा निबंध वाचला होता. त्यात तो दोन हक्कांत फरक करतो. परक्या भूमीवर जाण्याचा, तिथे शत्रूसारखे न वागवले जाण्याचा हक्क सर्व माणसांना आहे. पण पाहुणा म्हणून घरात ठेवून घ्या, असे म्हणण्याचा हक्क कोणाला नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. मला ही वाटणी तेव्हा फार आवडली होती. आम्ही नेमके तेच करणार होतो. भेटायला जाणार होतो, पाहुणे होणार नव्हतो.

डेन्व्हरला हे तत्त्व उत्तम चालले. मैत्रिणीला दोन लहान मुले, घरूनच नोकरी, नवरा फिरतीवर. आम्ही ट्रेलर तिच्या दारातल्या फरसबंदीवर लावला आणि गॅरेजमधून विजेची एक वायर ओढून घेतली. त्या वायरीवर दिवे आणि फ्रीज चालत. एसी लावला की घरातला फ्यूज उडे, म्हणून तो लावायचा नाही. सकाळी आमचा चहा आमच्याकडे. संध्याकाळी मुले ट्रेलरमध्ये खेळायला यायची आणि ती तासभर आडवी व्हायची. "बरं झालं बाई, अंथरुणं-पांघरुणं काढावी लागली नाहीत," ती मनापासून म्हणाली. अशा मुक्कामाला तिकडचे ट्रेलरवाले काय म्हणतात तेही तिनेच सांगितले: मूचडॉकिंग. मूच म्हणजे फुकट उपटणे आणि डॉकिंग म्हणजे नांगर टाकणे. मराठीत काय म्हणावे यावर आम्ही रात्री बराच वेळ हसत होतो. 'फुकटी नांगरणी' म्हटले तर शेतकरी चिडतील, असे नवऱ्याचे मत पडले. तिच्या वसाहतीच्या नियमांनुसार ट्रेलर दोन रात्रींहून जास्त दारात ठेवता येत नव्हता. म्हणजे 'तिसऱ्या दिवशी राही, त्याची अक्कल जाई' ही आपली म्हण तिथे नियमावलीत जाऊन बसली होती.

तिथून निघताना आम्ही सामान नव्याने लावले. वाटेत चढ लागला की गाडी दमते असे नवऱ्याला वाटत होते. म्हणून पुस्तकांची दोन खोकी, तांदळाचे पोते आणि अवजारांची पेटी आम्ही ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला सरकवली. गाडीवरचा भार कमी व्हावा, एवढाच हेतू.

नेब्रास्कात रस्ता प्लॅट नदीच्या सोबतीने सरळ पूर्वेकडे जातो. एकोणिसाव्या शतकात याच खोऱ्यातून, उलट्या दिशेने, छत घातलेल्या बैलगाड्यांतून हजारो कुटुंबे ऑरेगनकडे गेली. सपाट प्रदेश, आडवा वारा. एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि आमचा ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आता मागचे बिऱ्हाड गाडीला हाकत होते. नवऱ्याने गाडीचा ब्रेक दाबला नाही, चाक सरळ धरून वेग सोडला आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हळूहळू लावला. गाडी कडेला थांबली तेव्हा आम्हा दोघांनाही बोलवत नव्हते.

पुढच्या थांब्यावर एका म्हाताऱ्या ट्रकचालकाने ट्रेलरभोवती फेरी मारली, आत डोकावून खोकी पाहिली आणि मान हलवली. मग त्याने समजावले ते असे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के वजन जोडाच्या गोळ्यावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर पडलेच पाहिजे. जास्त पडले तर गाडीचे मागचे अंग दबते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. कमी पडले तर ट्रेलर झुलतो. आम्ही गाडीला वाचवायला गेलो आणि तिचा ताबाच काढून घेतला. तासभर खपून आम्ही खोकी पुढे आणली.

संध्याकाळी लिंकनला पोचलो. मावशी १९७० च्या दशकात लग्न होऊन तिकडे गेल्या. काका गेल्या वर्षी गेले. मुलगा दुसऱ्या राज्यात. तीन खोल्यांच्या घरात त्या एकट्या. दारात आल्या, जवळ घेतले, हाताला धरून आत नेले आणि मागची खोली दाखवली. इस्त्रीच्या चादरी, उशाशी तांब्या-भांडे, दोन घडी केलेले टॉवेल, त्यांवर नवा साबण. मी म्हटले, "मावशी, कशाला एवढं? आमचं सगळं ट्रेलरमध्ये आहे. तुम्ही अजिबात त्रास घेऊ नका." त्या "बरं" म्हणाल्या आणि गॅरेजमधून वायर काढून दिली. जेवणही आम्ही लवकर उरकले, भांडी मीच घासली, फार बसलो नाही. रात्री ट्रेलरच्या खिडकीतून त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा बराच वेळ जळताना दिसला.

सकाळी उपमा खाऊन, आंघोळी आटोपून आम्ही घरात गेलो. टेबलावर तीन ताटल्या मांडलेल्या होत्या. रात्री भिजवलेला साबुदाणा फुलून पातेल्यात बसला होता, दाण्याचे कूट तयार होते. "आमचं खाणं झालं की," नवरा म्हणाला आणि मग गप्प झाला. मावशींनी एक ताटली उचलून ठेवली. मग दुसरी. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही माझा त्रास वाचवलात. वर्षभर सगळे माझा त्रासच वाचवतायत."

मला काही बोलता आले नाही. मी तर शब्दांवर पोट भरणारी बाई. गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून गुजरातीत आणताना 'त्रास', 'मिंधा', 'भीड' हे शब्द मी शेकडो वेळा तोलले आहेत. त्या दुपारी ते पुन्हा तोलावे लागले.

आपण 'यजमान' म्हणतो. संस्कृतात यज् हा धातू दोन्ही पदांत चालतो. दक्षिणा घेऊन दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा पुरोहित 'यजति', ते परस्मैपद. ज्याला त्या यज्ञाचे फळ मिळायचे तो 'यजते', ते आत्मनेपद. यजमान हे रूप आत्मनेपदातले. म्हणजे पाहुण्याचे करणारा हा व्याकरणाच्या दृष्टीने तरी स्वतःसाठी करणारा आहे. फ्रेंचमध्ये यजमान आणि पाहुणा या दोघांनाही 'ओत' हा एकच शब्द आहे. आणि आपल्या 'अगत्य' शब्दात आपुलकी आहे तशी निकडही आहे. लग्नपत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असे लिहितात तेव्हा कोणाची निकड? बोलावणाऱ्याची. मार्सेल मोसने भेटवस्तूंवरच्या १९२५ च्या निबंधात तीन कर्तव्ये सांगितली: देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे. पहिले आणि तिसरे सर्वांना पटते. मधले मला कधी कर्तव्य वाटलेच नव्हते. न घेणे हा मी माझा चांगुलपणा समजत होते. त्यात मिंधे न होण्याचा गर्व किती होता, हे तपासले नव्हते.

पण एवढ्यावर निबंध संपवला तर तो बाबांच्या बाजूचा होईल. 'यजमान स्वतःसाठी करतो' हे वाक्य आईच्या सुजलेल्या पायांसमोर उच्चारून पाहावे. मराठीत बायका नवऱ्यालाही यजमान म्हणतात. फळ यजमानाला आणि लाकडे फोडणे दुसऱ्याला, अशी वाटणी आमच्या घरात होतीच. पाहुणचाराचे गोडवे गाणाऱ्या बहुतेकांनी पोळ्या लाटलेल्या नसतात. मग मावशींना आनंद होतो म्हणून त्यांना राबू द्यायचे, हा युक्तिवाद सोयीचा नाही का? त्यांना तसेच वळण लावले गेले, म्हणून तर त्यांना तो आनंद वाटत नसेल?

रात्री मी आईला फोन केला. बडोद्यात सकाळ होती. सगळे सांगून विचारले, "तुला पाहुणे नकोसे व्हायचे ना गं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "पाहुण्यांचं काही नसायचं," ती म्हणाली. "कुणी उठून स्वतःचं ताट उचलायचं नाही, त्याचं वाईट वाटायचं. तुझी आत्या अकरा दिवसांत एकदा ओट्याशी आली. लसूण सोलत बसली माझ्याबरोबर. तो दिवस मला अजून आठवतो." मग म्हणाली, "आणि ते विंचवाचं. त्याच्या पाठीवर घर नसतं गं, पिल्लं असतात."

ते खरे आहे. विंचवाची मादी जन्मलेली पिल्ले पाठीवर घेऊन फिरते. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथेच असतात. ज्या म्हणीत मला कुणावाचून न अडणे दिसत होते, तिच्यात मुळात दुसऱ्यांचा भार होता.

मी आयुष्यभर प्रश्नच चुकीचा मांडला होता, असे मला वाटते. भार द्यावा की देऊ नये, असा तो नाही. कोणावर, किती आणि त्यातला किती आपण उचलायचा, असा आहे. तो प्रत्येक दारात नव्याने सोडवावा लागतो. डेन्व्हरच्या मैत्रिणीवर न पडणे हीच तिची कदर होती. लिंकनला तेच वागणे दारातून परत जाण्यासारखे झाले. कांटचा भेटीचा हक्क अनोळखी माणसांसाठी पुरेसा आहे. ओळखीच्या माणसांशी तेवढ्याच हक्काने वागलो, तर आपण त्यांना अनोळखी करून टाकतो.

त्या रात्री आम्ही वायर गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवली आणि मागच्या खोलीत झोपलो. झोप चांगली लागली असे सांगता येणार नाही. मावशींनी आम्हाला गारठा वाजू नये म्हणून हीटर इतका वाढवला होता की मध्यरात्री खिडकी उघडावी लागली. सकाळी साबुदाण्याची खिचडी झाली. बटाटे मी चिरले, दाणे नवऱ्याने भाजले आणि थोडे जाळले. मावशी त्याला दोन-तीन वेळा रागावल्या. दुपारी पुरणपोळीचा घाट घातला. संध्याकाळी त्यांचा गुडघा दुखू लागला. तो खरोखरच दुखत होता आणि आमच्यामुळेच दुखत होता. मी शेकायची पिशवी गरम करून दिली. त्या पाय वर घेऊन बसल्या आणि काकांच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदाच बोलल्या. अकरा वाजेपर्यंत बोलत होत्या. ट्रेलरमध्ये झोपायला गेलो असतो तर आम्ही नऊलाच उठलो असतो.

आम्ही तीन रात्री राहिलो. म्हणीप्रमाणे अक्कल गेली असणार. निघताना ट्रेलर मागे घ्यायचा होता. मावशी अंगणात उभ्या राहून हाताने डावीकडे, उजवीकडे खुणा करत होत्या. निम्म्या उलट्या होत्या, तरी आम्ही बाहेर पडलो. खिडकीतून त्यांनी उरलेल्या पुरणपोळ्यांचा स्टीलचा डबा आत दिला. झाकणावर काकांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली होती.

डबा आता बडोद्याला माझ्या ओट्यावरच्या फळीवर आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यात काय घालून द्यायचे आणि ते इतक्या दूर कसे पोचवायचे, हे अजून ठरलेले नाही. पूर्वीची मी तो घासून, पुसून, पुढच्याच आठवड्यात टपालाने पाठवून मोकळी झाले असते. सध्या तो तिथे आहे, आणि मी मिंधी आहे.