ख्रिस्ती शास्त्रात नव्या वचनाची भर पडू शकते काय ?

एखादे शास्त्र पूर्ण झाले, असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा ? ज्याने ते सांगितले त्याचा, की ज्यांनी ते ऐकून जतन केले त्यांचा ? शब्दाला प्रमाण मानणाऱ्या प्रत्येक परंपरेपुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. प्रस्तुत लेखात तो ख्रिस्ती शास्त्राच्या संबंधात विचारात घ्यावयाचा आहे. कारण त्या धर्मात या प्रश्नाचा ऊहापोह सुमारे अठराशे वर्षे चालू असून, भर घालणारे आणि भर नाकारणारे अशा दोन्ही पक्षांना त्याची किंमत मोजावी लागली आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप निश्चित केले पाहिजे. ईश्वर आजही एखाद्याच्या अंतःकरणात प्रेरणा उत्पन्न करतो काय, असे विचारले तर बहुतेक ख्रिस्ती लोक होकारच देतील. त्या प्रेरणेने लिहिलेले वाचून दुसऱ्याचे कल्याण होईल काय, यावरही फारसा वाद होणार नाही. खरा वाद पुढेच आहे. बायबलातील ग्रंथांच्या मान्य यादीला ‘कॅनन’ म्हणतात. या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मोजण्याची काठी असा आहे. तेव्हा प्रश्न एवढाच की, इतर सर्व लेखन ज्या काठीने मोजावयाचे ती काठीच लांब करता येईल काय ?

याला नकार देणारे सामान्यतः प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायाकडे बोट दाखवितात. या पुस्तकातील वचनांत जो भर घालील त्याच्यावर पीडा येतील, अशा आशयाचा इशारा तेथे आहे. परंतु प्रकरण सोडून वचनाचा अर्थ लावू नये, हा नियम आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. तेथील ‘हे पुस्तक’ म्हणजे प्रकटीकरणाचे पुस्तक होय. सत्तावीस ग्रंथांचा नवा करार एकत्र बांधून त्या लेखकाच्या पुढे ठेवलेला नव्हता. शिवाय, आज्ञेत काही वाढवू नका, काही कमी करू नका, असा आदेश जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातही आहे. त्या आदेशाने शास्त्र बंद झाले असे मानले तर संदेष्ट्यांचे सर्व ग्रंथ आणि संपूर्ण नवा करार बाहेर ठेवावा लागेल. जो युक्तिवाद इतके सिद्ध करतो तो काहीच सिद्ध करीत नाही.

वस्तुतः नव्या कराराची यादी कोणत्याही एका वचनाने ठरली नाही. ती हळूहळू ठरली. इ. स. १४४ च्या सुमारास रोम येथील मार्सियन याने यहुदी शास्त्र सर्वस्वी टाकून, काटछाट केलेले लूकाचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढेच प्रमाण धरले. त्याच शतकात फ्रिजिया प्रांतात माँटेनस आणि त्याच्याबरोबर प्रिस्का व मॅक्सिमिला या दोन स्त्रिया पुढे आल्या आणि पवित्र आत्मा आपल्या मुखाने बोलत आहे असे सांगू लागल्या. एकाने काठी तोडली, दुसऱ्यांनी ती लांब केली. आणि या दोहोंच्या मध्ये मंडळीला आपली काठी किती लांबीची आहे हे बोलून दाखविणे भाग पडले. तरीही पुढे दीर्घ काळ एकमत नव्हते. याकोबाचे पत्र, यहूदाचे पत्र, पेत्राचे दुसरे पत्र ही वादग्रस्त आहेत असे चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस नोंदवितो. आज जे सत्तावीस ग्रंथ सर्वत्र छापले जातात, नेमकी त्यांचीच यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रात. जुन्या कराराविषयी तर आजही एकवाक्यता नाही. रोमन कॅथलिकांनी आपली यादी ट्रेंटच्या परिषदेत १५४६ साली औपचारिक रीतीने ठरविली. प्रॉटेस्टंटांची त्याहून लहान आहे. आणि इथिओपियाची प्राचीन मंडळी एकूण ८१ ग्रंथ मोजते, ज्यांत हनोखाचा ग्रंथही येतो. बंद दाराची एवढी ग्वाही देणाऱ्यांनी दारे निरनिराळ्या भिंतींत बसविली आहेत, हे आधी कबूल केले पाहिजे.

या यादीच्या इतिहासात एक ग्रंथ विशेष लक्ष वेधून घेतो. हर्मास नावाच्या लेखकाचा ‘मेंढपाळ’ हा ग्रंथ दुसऱ्या शतकात फार लोकप्रिय होता. चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितात तो नव्या कराराच्या शेवटी लिहिलेला सापडतो. परंतु मुराटोरी या विद्वानाने १७४० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्राचीन तुकड्यात त्याच्याविषयी निर्णय असा दिला आहे की, हा ग्रंथ अगदी अलीकडे, आमच्याच काळात लिहिलेला आहे. तो वाचावा, पण मंडळीपुढे संदेष्ट्यांच्या किंवा प्रेषितांच्या ग्रंथांबरोबर वाचू नये. ग्रंथ खोटा आहे असे येथे म्हटलेले नाही. त्यात प्रेरणा नाही असेही म्हटलेले नाही. तो उशिरा आला, एवढाच त्याचा दोष.

उशिरा येणे हा दोष का व्हावा ? पूर्वपक्षाचे सर्वांत बळकट वचन येथेच पुढे येते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की, मला अद्याप पुष्कळ सांगावयाचे आहे, पण ते आता तुम्हांला पेलणार नाही. सत्याचा आत्मा येईल तेव्हा तो तुम्हांला सर्व सत्यात नेईल. बोलणाऱ्याने स्वतःच ‘अद्याप पुष्कळ आहे’ असे म्हटल्यावर ऐकणाऱ्यांनी ‘पुरे झाले’ असे कसे म्हणावे ? माँटेनसच्या अनुयायांचा आधार हाच होता आणि टर्टुलियनसारखा कुशाग्र पंडित त्यांना जाऊन मिळाला.

उत्तरपक्ष असा आहे. ख्रिस्ती मतानुसार ईश्वराने प्रथम दिला तो ग्रंथ नव्हे. ईश्वराचा शब्द देहधारी झाला, म्हणजे प्रकट झाली ती एक व्यक्ती. ग्रंथ ही त्या व्यक्तीविषयीची साक्ष होय. साक्षीला काळाची मर्यादा असते. ज्यांनी पाहिले व ऐकले ते आणि त्यांच्या सहवासातील लोक गेल्यावर पुढच्यांना त्या साक्षीचा अर्थ सांगता येतो, तिच्यावरून उपदेश करता येतो, पण नवी साक्ष देता येत नाही. आत्मा सर्व सत्यात नेतो याचा अर्थ तो त्याच साक्षीच्या अंतरंगात अधिक खोल नेतो, असा हा पक्ष करतो. १९०७ साली रोमने, प्रकटीकरण प्रेषितांबरोबर पूर्ण झाले नाही हे मत त्याज्य ठरविले. आणि १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या पुनरागमनापूर्वी नव्या सार्वजनिक प्रकटीकरणाची वाट पाहावयाची नाही असे सांगितले. लूर्द किंवा फातिमा येथील दर्शनांना मान्यता दिली तरी त्यांवर विश्वास ठेवणे कोणाला बंधनकारक नाही, हे याच भूमिकेचे फळ होय.

हा पक्ष मला ग्राह्य वाटतो. तथापि तो वाटतो तितका निर्दोष नाही. मार्क आणि लूक हे बारा प्रेषितांपैकी नव्हते. इब्री लोकांस पत्र कोणी लिहिले हे ईश्वरच जाणे, असा अभिप्राय तिसऱ्या शतकातच ओरिजेनने दिला होता. मग साक्षीदार कोण हे न कळताही ते पत्र प्रमाण का ? येथे उत्तरपक्षाला आणखी एक लक्षण जोडावे लागते: मंडळीने ते सतत वाचले आणि त्यातून ती जगली.

या दोन लक्षणांची कसोटी पाहावयाची तर पौलाच्या हरवलेल्या पत्रांचा विचार करावा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आपल्या आणखी आधीच्या एका पत्राचा उल्लेख करतो. ते आज उपलब्ध नाही. समजा, उद्या इजिप्तच्या वाळूत ते सापडले आणि ते त्याचेच आहे याविषयी शंका उरली नाही, तर ते नव्या करारात घालावे काय ? साक्षीदार निःसंशय अधिकारी आहे. पण एकोणीसशे वर्षांत ते पत्र कोणी वाचले नाही, कोणी मृत्यूशय्येवर आठवले नाही. उलट उदाहरण प्रत्यक्ष घडलेले आहे. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी लावदिकीयाहून येणाऱ्या एका पत्राचा उल्लेख आहे. त्यावरून कोणी तरी पौलाचीच वाक्ये जुळवून ‘लावदिकीयाकरांस पत्र’ तयार केले आणि मध्ययुगातील अनेक लॅटिन बायबलांत ते शतकानुशतके इतर पत्रांशेजारी लिहिले गेले. ते लोकांनी वाचले, आणि तरीही पुढे गळून पडले. मला वाटते, सापडलेले खरे पत्र आदराने छापावे, अभ्यासावे, पण मापाच्या काठीला जोडू नये. कोणी याच्या उलट म्हटले तर त्याला निरुत्तर करणारे प्रमाण माझ्यापाशी नाही.

आता ज्यांनी भर घालण्याचे धाडस केले त्यांच्याकडे वळू. अमेरिकेत जोसेफ स्मिथ याने १८३० साली ‘मॉर्मनचा ग्रंथ’ प्रसिद्ध केला, आणि त्याला आलेल्या साक्षात्कारांचा संग्रह १८३५ साली ‘सिद्धांत आणि करार’ या नावाने निघाला. शास्त्र उघडे आहे हे या पंथाचे मुख्य मतच आहे. पण उघड्या दाराने केवळ आत येता येते असे नाही. १८३५ च्या संग्रहात विवाह एकपत्नीकच असावा असे सांगणारे एक प्रकरण होते; १८७६ साली ते काढण्यात आले आणि बहुपत्नीत्वाला आधार देणारे प्रकरण घालण्यात आले. त्याच संग्रहातील श्रद्धेवरील व्याख्याने १९२१ साली वगळली गेली. ज्याच्या हाती भर घालण्याचा अधिकार, त्याच्याच हाती गाळण्याचा अधिकार आपोआप येतो, हे येथे स्पष्ट दिसते.

परंतु हा न्याय घाईने देऊ नये, कारण या प्रश्नाची नैतिक बाजू येथेच उघडी पडते. या पंथात १८५२ पासून आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकत्व नाकारले जात होते. १९७८ साली नवा साक्षात्कार झाल्याचे प्रमुखांनी जाहीर केले, अधिवेशनाने तो मान्य केला आणि ती घोषणा शास्त्रात दाखल झाली. एका घोषणेने सव्वाशे वर्षांचा भेद संपला. जुन्या बंद ग्रंथाला हे साधले असते काय ? त्याचे उत्तर त्याच देशात आहे. दक्षिणेकडील बाप्टिस्टांनी गुलामगिरीच्या वादातून १८४५ साली आपली वेगळी संघटना काढली. त्यांचे उपदेशक गुलामगिरीला बायबलातूनच आधार काढून देत. पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात अनेसिम या गुलामाला दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून परत घे, असा आग्रह आहे. हे पत्र त्यांच्यापुढे होतेच. त्या संघटनेने आपल्या पूर्वजांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली ती १९९५ साली. दीडशे वर्षे लागली. ज्याच्या पाठीवर आसूड पडत होता त्याला ‘शास्त्रात सर्व काही आहे, वाचणारे चुकले’ या उत्तराने काय समाधान मिळणार ?

तरीही दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे एक भेद जाणवतो. बाप्टिस्टांना नव्या वचनाचा आसरा नव्हता. म्हणून ‘आम्ही चुकीचे वाचले, आम्ही पाप केले’ असेच त्यांना म्हणावे लागले. १९७८ च्या घोषणेत पूर्वीचा निर्बंध का होता याचे स्पष्टीकरण नव्हते. आता ईश्वराची नवी आज्ञा झाली, एवढ्याने व्यवहार पूर्ण झाला. त्या निर्बंधाच्या समर्थनार्थ पूर्वी सांगितल्या जाणाऱ्या उपपत्ती आम्ही त्यागतो, असे त्या मंडळीने एका निबंधात लिहिले ते २०१३ साली. नवे वचन आले की जुनी चूक वाचकाची न राहता काळाची होते. बंद ग्रंथ मात्र वाचकाला सोडत नाही. नव्या वचनाला नकार देण्यास साक्षीचे कारण पुरेसे बळकट नसेल, तर हे कारण मला अधिक बळकट वाटते. अर्थात्, पश्चात्तापाला लागलेला विलंब याने क्षम्य ठरत नाही.

बंद करण्याची दुसरीही किंमत आहे. प्रिस्का आणि मॅक्सिमिला यांची वचने आज उरली आहेत ती थोडी, आणि तीही बहुधा त्यांच्या विरोधकांनी खंडनासाठी उद्धृत केली म्हणून. काठीत न धरलेला ग्रंथ जाळलाच पाहिजे असे नव्हते. हर्मासविषयीचा निर्णय अधिक शहाणा होता.

त्या निर्णयाचे एक उदाहरण आपल्या भाषेत आहे. गोमंतकात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे त्याचे दोन भाग. जुन्या व नव्या करारांची कथा मराठी ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितलेली. हे पुराण पाचवे शुभवर्तमान आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही, आणि गोमंतकातील ज्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते वाचले त्यांनाही तसे म्हणण्याची गरज वाटली नाही.