काशी किती लांब?

मुंबईहून वाराणसीचं बाबतपूर विमानतळ सरळ रेषेत साधारण १२५० किलोमीटर. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेनं सरकत जाणंही आलं. रेल्वेनं हेच अंतर पंधराशेच्या घरात जातं आणि रात्र गाडीत काढावी लागते. मी ज्येष्ठांच्या काशी-प्रयाग-गया सहली नेतो, त्यामुळे हे आकडे तोंडपाठ. मध्यंतरी सामान देण्याच्या रांगेत एका आजींनी विचारलं, "विमानानं गेलं की पुण्य निम्मं होतं म्हणतात. मग उरलेलं निम्मं कुणाला रे? विमान कंपनीला?"

रांग हसली. पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तीर्थयात्रेवर सविस्तर लिहिलं आहे, वाहनांबद्दलच्या जुन्या वचनांसकट. मत्स्यपुराण तर प्रयागाला ऐश्वर्य, लोभ किंवा मोहापायी वाहनातून जाणाऱ्याची यात्रा निष्फळच ठरवतं. निम्मंसुद्धा पदरात नाही! मला मात्र त्यातली कारणं महत्त्वाची वाटतात. गुडघे बदललेल्या बाईच्या तिकिटात ऐश्वर्य कुठलं आणि मोह कुठला?

महाभारताच्या वनपर्वात तीर्थाचं फळ कुणाला, हे सांगताना कोस मोजलेले नाहीत. हात, पाय आणि मन ताब्यात हवं, दान घेऊ नये, आहार बेताचा, राग आवरलेला. पायी जाणाऱ्याला हे अंगवळणी पडायला महिने मिळत. विमानात ती मुदतच नाही. घरचा गॅस बंद केला का, हा घोर मिटायच्या आत पट्टे बांधायची सूचना होते. विमानाचं उणं असेल तर ते हे. वेगाला पाप चिकटत नाही.

शिवाय वेळ तरी कुठली धरायची? हिवाळ्यात पश्चिमेचे वारे जाताना पाठीशी आणि येताना समोर. अंतर तेवढंच, परतीला वेळ जास्त. रेखांशात दहा अंशांचा फरक, म्हणून काशीत सूर्य मुंबईपेक्षा चाळीस मिनिटं आधी माथ्यावर येतो. प्रमाणवेळेची रेषा काशीच्या शेजारी, मिर्झापूरजवळून जाते. मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती म्हणे; सूर्याशी इमान राखायचं तर तीच बरोबर होती.

घाटावर गुरुजी हातात पाणी देऊन संकल्प सांगतात, तेव्हा मी नेहमी कान देऊन ऐकतो. घरच्या पूजेत गोदावरीचा तीर असतो, इथे अविमुक्त क्षेत्र येतं. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग गोत्र आणि नाव. माणूस कुठे उभा आहे आणि कधी, याचा एवढा बारकाईनं उच्चार होतो, पण तो कशानं आला हे गुरुजी विचारत नाहीत. आजींना मी हेच सांगितलं. त्यांना ते निम्मंच पटलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरी उपास करण्याची जुनी रीत आहे. तेवढी तरी मुदत हाताशी असावी म्हणून आता पत्रकात '१५ किलो सामान' आणि 'आधारकार्ड' यांच्यामध्ये ती ओळ घातली आहे. सगळ्यात जास्त फोन त्याच ओळीवर येतात: साबुदाण्याची खिचडी चालेल ना?

चालेल म्हणतो.