शेजारधर्म

पावागडच्या डोंगरातून निघालेली विश्वामित्री वडोदरा शहराच्या मधोमध वाहते. तिच्या पात्रात शेकडो मगरी राहतात. एवढ्या दाट वस्तीत माणूस आणि मगर इतके जवळ नांदल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत.

ऑगस्ट 2024 च्या पुरात या मगरी रस्त्यांवर आणि अंगणांत दिसल्या. ‘मगरी शहरात शिरल्या’, असं सगळे म्हणाले. पण आधी शहर नदीत शिरलं होतं. जादा पाणी पोटात घेणाऱ्या घळी आणि तळी भराव टाकून आपणच बुजवली. तरीही त्या दिवसांत वनखात्याची माणसं आणि शहरातले स्वयंसेवक जिवाची जोखीम घेऊन मगरींना धरत होते, ते त्यांना सुखरूप नदीत सोडण्यासाठी. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

मगर मातीच्या काठावर खड्डा करून अंडी घालते आणि काठातच बिळं करून राहते. काठ सिमेंटने बांधला की तिचं घरच गेलं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तिच्या शिकारीवर बंदी घालतो, पण तिच्यासाठी झुडपांचा, चिखलाचा काठ राखायचा तर आपलं मन मोठं हवं. आपल्याला निसर्ग आवडतो तो नीटनेटका, झाडून काढलेला. शेजारी मात्र आपल्या आवडीनिवडीप्रमाणे मिळत नसतो.

हाच विचार घरच्या बागेला आणि आसपासच्या झाडांनाही लागू आहे. शहरातल्या सयाजीबागेतला किंवा आपल्या गल्लीतला वड पाहा. त्याची फुलं फळातच दडलेली असतात आणि त्यांचं परागीभवन डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक कीटक करतो. फळं तांबट, बुलबुल खातात आणि बिया दूरवर नेतात. कीटकनाशकाची एक फवारणी ही साखळी तोडू शकते.

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत वटपौर्णिमा श्रद्धेने होते. पूजेसाठी फांदी तोडून घरी आणू नये, झाडापाशी जावं. बुंध्याला आवळणारी फरसबंदी काढायला लावावी. पालापाचोळा जाळू नये, त्याच झाडाखाली कुजू द्यावा. अंगणाचा एक कोपरा न फवारता, न खुरपता सोडावा.

ज्याला आपण सात फेरे घालतो, त्याच्या मुळांना श्वास घेण्यापुरती माती मोकळी ठेवणं ही पूजेइतकीच आपली जबाबदारी आहे.